नीलकंठशास्त्री गोरे व चांदा मिशन : तर्कबल आणि शरणागति

एकोणिसाव्या शतकांतील महाराष्ट्रीयांच्या धर्मविषयक वादांचा इतिहास लिहितांना नीलकंठशास्त्री ऊर्फ नहेम्या गोरे यांचें नांव टाळतां येत नाहीं. परंतु त्यांच्याविषयीं जें बोललें जातें, तें बहुधा दोन ठराविक सांच्यांत बसविलेलें असतें. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, काशीच्या या पंडितानें षड्दर्शनें तर्काच्या कसोटीस लाविलीं, तीं हिणकस ठरलीं, आणि म्हणून तो ख्रिस्ती झाला. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, जें तर्कानें सिद्ध होत नाहीं त्यावर विश्वास ठेवून एका बुद्धिमान् ब्राह्मणानें आपली बुद्धि गहाण टाकिली. दोन्ही पक्ष एकमेकांचे वैरी असले तरी एका गृहीतावर त्यांचें ऐकमत्य आहे. तें असें कीं, तर्क आणि श्रद्धा यांपैकीं गोरे यांनीं एक सोडून दुसरें धरिलें. त्यांचे ग्रंथ कालानुक्रमानें समोर ठेविले असतां हें गृहीतच टिकत नाहीं, असें आम्हांस वाटतें. तें कां टिकत नाहीं हें प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे. गोरे यांनीं कांहीं काळ आमच्या चांदा प्रांतीं धर्मोपदेशकाचें काम केलें. त्या मुक्कामाचा या प्रश्नाशीं काय संबंध पोंचतो, तेंही पाहूं.

गोरे यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजीं बुंदेलखंडांत झांशीजवळ चित्पावन कुलांत झाला. वडील शिवरामपंत काशीस राहत. तेथेंच नीलकंठाचें व्याकरण, न्याय व वेदांत यांचें अध्ययन झालें. विशीच्या आंतबाहेर असतांच ते वादास उभे राहिले. तो वाद कोणता, हें हस्तलिखितांच्या संग्राहकांस विशेष मनोरंजक वाटेल.

कंपनी सरकारच्या नोकरींतील जॉन म्यूर या स्कॉच संस्कृतज्ञानें १८३९ सालीं ‘मतपरीक्षा’ नांवाचा संस्कृत पद्यग्रंथ रचून प्रसिद्ध केला. गुरुशिष्यसंवादाच्या रूपानें खरें शास्त्र कोणतें याची परीक्षा त्यांत मांडिली आहे. प्रवर्तकाचें अलौकिक सामर्थ्य, शास्त्राचें पावित्र्य आणि त्याची सर्व मानवांस लागू पडण्याची योग्यता, या तीन लक्षणांनीं ख्रिस्ती शास्त्र खरें ठरतें, असा त्याचा निष्कर्ष. या ग्रंथास तीन संस्कृत उत्तरें निघालीं. पहिलें त्याच वर्षीं ‘सोमनाथ’ या नांवानें आलें; हा सोमनाथ म्हणजे सिहोर येथील महाराष्ट्रीय ज्योतिषी सुबाजी बापू होय, असें रिचर्ड फॉक्स यंग यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादिलें आहे. दुसरें १८४० सालीं बंगालच्या हरचंद्र तर्कपंचानन यांनीं लिहिलें. तिसरें व सर्वांत विस्तृत उत्तर म्हणजे १८४४-४५ मधील ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’; त्याचा कर्ता वीस वर्षांचा नीलकंठ गोरे होय. हा ग्रंथ शंभर वर्षें हस्तलिखितांतच राहिला आणि अखेर १९५१ सालीं उज्जयिनीच्या सिंदिया प्राच्य ग्रंथमालेंत सदाशिव लक्ष्मीधर कात्रे यांनीं संपादून छापिला. ख्रिस्ती मतावर इतका कसून केलेला हल्ला ज्याच्या हातून झाला, तोच पुढें ख्रिस्ती धर्मोपदेशक झाला, हें पाहून पुष्कळांस विस्मय वाटतो. आम्हांस मात्र त्या ग्रंथांतील दुसरीच एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते.

म्यूर यांनीं शास्त्राची परीक्षा तर्कानें करावी, असें म्हटलें होतें. त्यावर गोरे यांचें मूलगामी उत्तर असें आहे कीं, अतींद्रिय विषयांत मानवी तर्काची धांव पुरी पडत नाहीं. एका तार्किकानें सिद्ध केलेलें दुसरा अधिक चतुर तार्किक खोडून काढितो. म्हणून शास्त्रावर आधीं श्रद्धा ठेवावी आणि मग त्या श्रद्धेच्या आश्रयानें तर्क चालवावा. ख्रिस्ती मतावर त्यांनीं जे आक्षेप घेतले, ते याच भूमिकेवरून. जन्मांध किंवा जन्मदरिद्री मनुष्याचें दुःख पूर्वकर्म न मानतां न्याय्य कसें ठरेल? क्षणभंगुर आयुष्यांतील पापाला अनंत नरक ही शिक्षा कोणत्या मापानें योग्य? ज्यांच्या कानीं ख्रिस्ताचें नांवही पडलें नाहीं, त्यांची गति काय? हे प्रश्न विचारणारा पुरुष तर्कांत दुबळा होता, असें कोणीही म्हणणार नाहीं. तरी देखील तर्काला त्यानें सेवकाचें स्थान दिलें, स्वामीचें नव्हे. म्हणजे ज्या वेळीं ते कट्टर वैदिक होते, त्याच वेळीं त्यांचा सिद्धांत ‘श्रद्धा प्रथम, तर्क पश्चात्’ असा होता. ही भूमिका त्यांस मिशनऱ्यांनीं शिकविली नाहीं. ती त्यांनीं मिशनऱ्यांविरुद्ध मांडिली.

वादाच्या तयारीसाठीं प्रतिपक्षाचें शास्त्र वाचावें, या हेतूनें गोरे यांनीं बायबल वाचावयास घेतलें आणि काशींतील मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याशीं संभाषणें केलीं. परिणाम उलट झाला. १४ मार्च १८४८ रोजीं जौनपूर येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला व ते नहेम्या झाले. घरचा व जातीचा आधार तुटला. पत्नी लवकरच निवर्तली. १८५३ सालीं काशीस जन्मलेली कन्या परक्या घरीं वाढली. हीच कन्या पुढें एलन लक्ष्मी गोरे या नांवानें इंग्रजी भक्तिगीतांची कवयित्री म्हणून प्रसिद्धीस आली. १८५४ सालीं महाराजा दुलीपसिंग यांच्याबरोबर शिक्षक म्हणून गोरे इंग्लंडास जाऊन आले. १८६० सालीं त्यांनीं हिंदींत ‘षड्दर्शनदर्पण’ हा ग्रंथ लिहिला. दोन वर्षांनीं फिट्झ-एडवर्ड हॉल यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर केलें. सांख्यांचें प्रधान, नैयायिकांचे नित्य परमाणु व वेदांत्यांची माया यांवर त्यांत जो तर्काचा मारा आहे, तो पाहूनच पहिल्या पक्षानें ‘तर्कानें जिंकलेला पंडित’ अशी त्यांची मूर्ति घडविली.

परंतु मनुष्य दुसऱ्याचें मत कोणत्या शस्त्रानें खोडतो हा एक प्रश्न, आणि तो स्वतः कशाच्या आधारावर उभा असतो हा दुसरा. या दोहोंची गल्लत होतां कामा नये. षड्दर्शनांचें खंडन करणाऱ्या याच गोरे यांस ख्रिस्ती मताविषयीं जन्मभर शंका पीडा देत राहिल्या. ही गोष्ट त्यांच्या विरोधकांनीं उठविलेली कंडी नव्हे. त्यांच्या निकटवर्ती सहधर्मीयांनीं ती नमूद केली आहे, आणि १९०० सालीं प्रसिद्ध झालेल्या गार्डनरकृत चरित्रांत ती झांकलेली नाहीं. ज्या अनंत नरकावर विसाव्या वर्षीं त्यांनीं आक्षेप घेतला, त्याच सिद्धांताच्या समर्थनार्थ त्यांस पुढें स्वतंत्र निबंध लिहावा लागला. ज्याची शंका पूर्ण फिटली आहे, तो त्याच विषयाकडे इतक्या वेळां परत येत नाहीं. सारांश, तर्कानें त्यांस निःशंक केलें नव्हतें. तरीही बाप्तिस्म्यापासून मृत्यूपर्यंत सत्तेचाळीस वर्षें त्यांनीं धरलेलें सोडिलें नाहीं. तेव्हां ज्यानें त्यांस धरून ठेविलें तें त्यांचें तर्कबल नव्हे, हें उघड आहे.

येथें ख्रिस्ती शास्त्रांतील मूळ सिद्धांत थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. संत पौलाच्या पत्रांतून असें प्रतिपादन येतें कीं, मनुष्याचा उद्धार त्याच्या पुण्यकर्मानें होत नसून ईश्वराच्या कृपेनें होतो. ती कृपा ग्रहण करण्याचें साधन म्हणजे ख्रिस्तावरील विश्वास. आणि हा विश्वास देखील मनुष्याची कमाई नसून देणगी आहे, म्हणून कोणासही बढाई मारण्यास जागा उरत नाहीं. आमच्याकडील श्रीवैष्णव संप्रदायांत याच प्रश्नावरून दोन पक्ष पडलेले संस्कृतज्ञांस विदितच आहेत. वडकलै पक्ष मर्कटकिशोरन्याय मानितो: वानरीचें पोर आईस स्वतः घट्ट धरितें, त्याप्रमाणें जीवानेंही आपल्याकडून कांहीं प्रयत्न केला पाहिजे. तेंकलै पक्ष मार्जारकिशोरन्याय मानितो: मांजरीचें पिलूं कांहींच धरीत नाहीं, आईच त्यास तोंडांत धरून नेते. पौलाचें मत या दुसऱ्या न्यायाच्या अधिक जवळ आहे, असें म्हणतां येईल. भेद अर्थातच मोठे आहेत. पण ‘स्वबल कीं शरणागति’ हा प्रश्न परदेशांतून जहाजांत घालून आणलेला नव्हे, इतकें यावरून वाचकांच्या लक्षांत येईल.

शब्दांकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. मराठी बायबलांत या भावासाठीं ‘विश्वास’ शब्द रूढ झाला. संस्कृत शास्त्रार्थांत ‘श्रद्धा’ चालते. ‘श्रद्धा’ या शब्दांत ‘श्रत्’ आणि ‘धा’ हीं दोन अंगें आहेत. मन एखाद्या ठिकाणीं ठेवणें हा त्याचा प्राचीन भाव. ‘विश्वास’ हा ‘वि’पूर्वक ‘श्वस्’ धातूपासून झाला. निर्भयपणें श्वास घेणें, निश्चिंत असणें, हा त्याचा भाव. पहिल्या शब्दांत मनुष्य कांहीं करितो, दुसऱ्यांत तो विसांवतो. गोरे यांनीं विसाव्या वर्षीं श्रद्धेचें प्रतिपादन केलें. तिचा आश्रय वेद होता. तेविसाव्या वर्षीं आश्रय बदलला. परंतु ‘निश्चिंत श्वास’ या अर्थाचा विश्वास त्यांस सुखासुखीं लाभला नाहीं. मन ठेवण्याचें काम त्यांस रोज नव्यानें करावें लागलें, असें त्यांच्या चरित्रावरून दिसतें. या दृष्टीनें ते मार्जारकिशोरन्यायाचा उपदेश करणारे, पण स्वभावानें मर्कटकिशोर होते, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

आतां चांद्याकडे वळूं. १८६८ सालीं गोरे यांस डीकनची व १८७० सालीं प्रीस्टची दीक्षा कलकत्त्याचे बिशप मिल्मन यांच्या कारकीर्दींत मिळाली. त्याच सुमारास स्कॉटलंडांतील एपिस्कोपल चर्चनें चांदा येथें मिशन उभारण्याचें मनावर घेतलें, आणि या मिशनच्या आरंभकाळीं गोरे तेथें कामास होते. नागपुरांत १८४५ पासून काम करणारे स्टीफन हिस्लॉप हेही स्कॉच खरे. पण ते फ्री चर्चचे. हिस्लॉप १८६३ सालीं पुराच्या पाण्यांत बुडून वारले, आणि गोंडांविषयीं त्यांनीं जमविलेलीं टिपणें व लिंगोचें गीत रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं छापविलें. दोन्ही मिशनें स्कॉटलंडाचीं असल्यामुळें त्यांची गल्लत होण्याचा संभव आहे, म्हणून हा भेद येथें नमूद केला.

त्या वेळचा चांदा जिल्हा म्हणजे आजचे चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे मिळून होणारा अरण्यप्रदेश. १८७४ सालीं अपर गोदावरी जिल्हा मोडून सिरोंचाचा मुलूख चांद्यास जोडिला गेला. १९६४ सालीं चांद्याचें चंद्रपूर झालें. १९८२ सालीं गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. वर्धा व वैनगंगा यांच्या खोऱ्यांत मराठी, दक्षिणेस सिरोंचाकडे तेलुगु, आणि रानांत गोंडी व माडिया, अशी भाषांची वांटणी. गोंड राजांनीं बांधिलेल्या तटाच्या आंत, जटपुरा, पठाणपुरा, बिनबा व अंचलेश्वर या वेशींमध्यें गांव वसलेलें. वरोऱ्यास दगडी कोळशाची खाण १८७१ सालीं सुरू झाली. चांद्यापर्यंत लोहमार्ग यावयास अवकाश होता. राज्यक्रांतीच्या आठवणी ताज्या होत्या. नागपूरचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें. १८५८ सालीं बाबूराव शेडमाके यांनीं व त्यांच्या मागोमाग अडपल्ली-घोटच्या व्यंकटरावांनीं जमीनदाऱ्यांतून उठाव केला, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं बाबूरावांस चांद्याच्या तुरुंगांत फांशी देण्यांत आलें. म्हणजे गोरे आले तेव्हां त्या फांशीस पुरीं पंधरा वर्षेंही लोटलीं नव्हतीं.

अशा ठिकाणीं काशीच्या शास्त्र्याचें बल कोणत्या उपयोगाचें? काशींत प्रतिपक्षी पंडित होते. तेथें पूर्वपक्ष व उत्तरपक्ष चालत, आणि जिंकलें-हरलें याचा निवाडा करणारी सभाही असे. चांद्याच्या बाजारांत अवच्छेदक व अनुयोगी यांची चर्चा ऐकण्यास कोण बसणार? महाकालीच्या यात्रेस येणारा कुणबी, तेली, ढीमर किंवा गोंड ज्या दुःखांनीं गांजलेला असे, त्यांवर षड्दर्शनांचें खंडन हा उतारा नव्हता. ज्या विद्येच्या जोरावर गोरे यांची कीर्ति झाली, ती येथें जवळजवळ निःशस्त्र होती, असें आमचें अनुमान आहे. नागपूर प्रांतांतील मिशनरींत त्यांच्याइतका संस्कृतज्ञ दुसरा नसेल. आणि तरीही चांद्यास मोठा समुदाय त्यांच्यामागें लागला, असें घडलें नाहीं. जो मनुष्य स्वबलावर उभा असतो, तो अशा ठिकाणीं एकतर कटु होतो किंवा काम सोडून देतो. गोरे पुढें इतरत्र गेले, पण उपदेशाचें काम त्यांनीं सोडलें नाहीं. १८७५ सालीं पुणें व मुंबई येथें त्यांनीं व्याख्यानें दिलीं. १८७६ सालीं ते इंग्लंडास काउली येथील संन्यस्त संघांत उमेदवार म्हणून दाखल झाले. आणि पुढें विरक्त वृत्तीनें हिंदुस्थानांतच राहून २९ ऑक्टोबर १८९५ रोजीं मुंबईस वारले.

चांद्याचें मिशनही त्यांच्या मागें टिकलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें आलेले अलेक्झांडर वुड यांनीं आपल्या उमेदीचीं वर्षें चांद्यासच घालविलीं; पुढें ते प्रथम छोटा नागपूरचे व १९२६ पासून नागपूरचे बिशप झाले. त्यांचें चरित्र नागपूरचे पहिले बिशप एयर चॅटर्टन यांनीं लिहिलें आहे. चंद्रपुरांतील सेंट अँड्र्यू चर्च हें स्कॉटलंडाच्या संरक्षक संताचें नांव धारण करून त्या संबंधाची आठवण देतें.

गोरे यांच्या आयुष्याचें सर्वांत मोठें फळ मात्र चांद्यास नव्हे, पुण्यास दिसलें. ज्या पंचहौद मिशनांतील १८९० च्या चहापानावरून टिळक-रानड्यांस ग्रामण्यास तोंड द्यावें लागलें, त्याच मिशनाच्या मंडळींत पंडिता रमाबाई व गोरे यांचा परिचय वाढला. रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या असतां गोरे यांच्या पत्ररूप निबंधानें आपली बौद्धिक खात्री झाली, असें त्यांनींच नमूद केलें आहे. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें झाला. पण कथा येथें संपत नाहीं. १९०७ सालीं लिहिलेल्या आपल्या साक्षींत रमाबाई स्पष्ट सांगतात कीं, बाप्तिस्म्यानंतर पुष्कळ वर्षें आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, परंतु त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो मिळाला नव्हता. विश्वास बुद्धींत होता, जीवांत नव्हता. हॅस्लम नांवाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचें आत्मवृत्त वाचतांना, पाद्री असूनही त्या गृहस्थाचें खरें परिवर्तन फार उशिरां झालें हें पाहून, त्यांस आपल्या स्थितीची जाणीव झाली, आणि अखेर स्वतःच्या पात्रतेचा विचार सोडून त्या निःशेष शरण गेल्या.

हा फरक त्यांच्या व्यवहारांतही उतरलेला दिसतो. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत उघडलेल्या शारदा सदनामागें अमेरिकेंतील मंडळाच्या दहा वर्षांच्या वर्गणीची हमी होती. १८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाई मध्यप्रांतांत हिंडल्या व निराधार मुलींस घेऊन आल्या. त्या वेळीं इतक्या मुखांस अन्न पुरविण्याची हमी कोणीही दिलेली नव्हती. वर्गणीची मुदत संपल्यावर केडगांवचें मुक्तिसदन त्यांनीं मुख्यतः प्रार्थनेच्या भरंवशावर चालविलें. पण ही शरणागति आळशाची नव्हती. विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालविला, मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबलाचें मराठी भाषांतर केलें. मार्जारीच्या तोंडांतील पिलूं म्हटलें कीं जें निश्चेष्टपणाचें चित्र डोळ्यांपुढें येतें, तें या ठिकाणीं मुळींच लागू पडत नाहीं. स्वबलावर भिस्त नसणें म्हणजे बल न वापरणें नव्हे. यश आलें तर तें माझें नव्हे आणि अपयश आलें तर मी बुडालों असें नव्हे, इतकाच त्याचा अर्थ.

गुरु व शिष्या यांची तुलना केली असतां आमचा मूळ मुद्दा अधिक स्पष्ट होतो. रमाबाईंस जी निश्चिंतता मिळाली ती गोरे यांस मिळाल्याचें दिसत नाहीं. यावरून गोरे यांची श्रद्धा कमी प्रतीची होती, असा निष्कर्ष कोणी काढील. आम्हांस तो मान्य नाहीं. ज्यास समाधान लाभलें आहे, त्यानें आश्रय न सोडणें यांत नवल नाहीं. ज्याची बुद्धि रोज प्रतिपक्षाची वकिली करीत आहे, त्यानें सत्तेचाळीस वर्षें तो न सोडणें, यांत स्वबलाचा अंश किती आणि दुसऱ्या कोणाच्या धरून ठेवण्याचा अंश किती, याचें माप इतिहासकाराजवळ नाहीं. तो प्रश्न ज्यानें त्यानें आपल्या श्रद्धेप्रमाणें सोडवावा. इतिहासकारानें एवढेंच म्हणावें कीं, ‘तर्क टाकून श्रद्धा घेतली’ किंवा ‘तर्कानें श्रद्धा सिद्ध केली’ हीं दोन्ही वाक्यें कागदपत्रांस धरून नाहींत. तर्क त्यांनीं कधींच टाकिला नाहीं, आणि त्याच्यावर ते कधींच विसंबले नाहींत. वेदाभिमानी असतांनाही नाहींत.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ वांचला तो एका पोथीच्या रूपानें, आणि त्याचें मुद्रण झालें तें एका हिंदु पंडिताच्या परिश्रमानें. अशा कागदांवर दोन्हीकडून संकट असतें. हिंदु घरांत तें बाटलेल्याचें लिखाण म्हणून नकोसें होतें. ख्रिस्ती घरांत तें जुन्या धर्माच्या अभिमानाचें म्हणून अडचणीचें वाटतें. चंद्रपूर, वरोरा, मूल, ब्रह्मपुरी, आरमोरी, सिरोंचा या गांवांतील जुन्या वाड्यांत व चर्चच्या पेट्यांत ज्या बाप्तिस्म्याच्या व विवाहांच्या नोंदवह्या, मोडी पत्रें, शिळाप्रेसवर छापलेलीं प्रश्नोत्तरें अगर शास्त्र्यांचे खंडनमंडनाचे बाड हातीं लागतील, तीं धर्म न विचारतां जपून ठेवावींत, पोथ्यांबरोबर त्यांचीही सूची करावी, आणि ज्या घरांतून तीं मिळालीं त्या घराची परंपरा सूचींतच टिपून ठेवावी.